पुलावरचे पवित्र घरकुल

ख्रिस्ती यात्रावर्णनांची आपल्याकडे एक परंपरा आहे. रोम, लूर्द, फातिमा, पवित्र भूमी, वेलंकणी ही नावे तिच्यात वारंवार येतात. तिचा साचाही आता ठरून गेला आहे. पहिल्या परिच्छेदात तयारी होते, दुसऱ्यात प्रवास उरकतो आणि तिसऱ्यात लेखक थेट पवित्र स्थळापुढे हात जोडून उभा असतो. तेथून पुढे भक्तिभाव, अश्रू आणि कृतज्ञता. या लेखनाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. अनेक घरांत ते जपमाळेच्या शेजारी जपून ठेवलेले असते आणि त्याने अनेकांची श्रद्धा जागती ठेवली आहे. परंतु साहित्य म्हणून त्याकडे पाहिले तर एक उणीव सतत जाणवते. त्यात स्थळ असते, वाट नसते. वस्तुतः ‘यात्रा’ हा शब्दच मुळी ‘जाणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. मराठी मुलखाला तर हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पंढरीच्या वारीत चालणे हीच भक्ती असते, आणि मुक्कामांइतकेच विसाव्यांनाही तिथे मोल असते.

आपल्या लेखनातून गळून गेलेल्या या विसाव्याचा विचार करण्यासाठी स्वित्झर्लंडमधील एका अगदी लहानशा वास्तूचा इतिहास तपासून पाहण्याजोगा आहे. झुरिक सरोवराच्या काठी वसलेल्या रापर्सविल या गावी, लाकडी पुलाला लागून, हे प्रार्थनामंदिर उभे आहे. त्याचे नाव ‘हाइलिग हुस्ली’. स्थानिक बोलीत याचा अर्थ ‘पवित्र घरकुल’ असा होतो. हे मंदिर १५५१ साली बांधले गेले. लोकांनी त्याला संताचे भारदस्त नाव न लावता घरकुल म्हणावे, यातच त्याच्या स्वभावाची खूण आहे. येथे कुणाला दर्शन घडल्याची ख्याती नाही आणि केवळ या घरकुलासाठी कोणी दूरदेशाहून निघत नाही. येथे येणारा माणूस दुसरीकडे जायला निघालेला असतो.

ते ‘दुसरीकडे’ कोठे, हे आधी पाहिले पाहिजे. सरोवराच्या दक्षिणेकडील डोंगरांमागे आइन्सीडेल्न हा बेनेडिक्टाइन मठ आहे. नवव्या शतकात माइनराड नावाचा एक संन्यासी प्रथम एट्झेलच्या खिंडीत आणि नंतर त्यापलीकडच्या अरण्यात एकांतवासासाठी राहिला. २१ जानेवारी ८६१ रोजी दोघा लुटारूंनी त्याची हत्या केली. परंपरा असे सांगते की, हे दोघे कशासाठी आले आहेत हे ओळखूनही त्याने त्यांना दारात घेतले आणि खाऊपिऊ घातले. म्हणूनच तो आतिथ्याचा हुतात्मा मानला जातो. त्याने पाळलेल्या दोन कावळ्यांनी मारेकऱ्यांचा पाठलाग करून त्यांना उघडे पाडले, अशी कथा आहे. मठाच्या मानचिन्हावर ते कावळे आजही आहेत. ९३४ साली त्याच्या कुटीच्या जागी मठ स्थापन झाला. तेथील पवित्र मरियेच्या काळ्या मूर्तीच्या दर्शनाला आल्प्सच्या उत्तरेकडचे भाविक शतकानुशतके येत राहिले. पुढे स्पेनमधील सांतियागोला जाणाऱ्यांचीही ती एक वाट ठरली. ज्या तीर्थाची सुरुवातच दारात आलेल्याला घरात घेण्याने झाली, त्याच्या वाटेवर एखादे ‘घरकुल’ असावे, हे अर्थपूर्ण आहे.

मात्र उत्तरेकडून येणाऱ्याच्या वाटेत सरोवर आडवे पडलेले होते. रापर्सविलच्या समोर, दक्षिण काठावरून, हुर्डेनची चिंचोळी जिव्हा पाण्यात शिरलेली आहे. प्राचीन हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीची ती बनलेली आहे. येथे सरोवर सर्वांत अरुंद आणि उथळ होते. माणसाने हे फार पूर्वी हेरले होते. पाण्याखाली सापडलेल्या लाकडी खुंटांवरून येथे इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकापासून पाण्यावरून चालत जाण्याची सोय होती, हे पुरातत्त्वज्ञांनी सिद्ध केले आहे. रोमन काळातही येथे पूल होता. परिसरातील खांबांवरच्या प्राचीन वस्त्यांचा समावेश २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला.

येथे समीक्षकाने थोडे थांबावे. असे पुरावे हाती आले की दोन मोह होतात. भाविकाला वाटते, साडेतीन हजार वर्षे ही भूमी पवित्रच होती. चिकित्सकाला वाटते, पूल होता तो व्यापारासाठी, देवधर्म नंतर येऊन चिकटला. दोन्ही विधाने सोपी आहेत आणि म्हणूनच अपुरी आहेत. कांस्ययुगातील माणूस या पाण्यावरून कोणत्या भावनेने गेला, हे खुंट सांगत नाहीत. ते एवढेच सांगतात की, जाण्याची गरज होती आणि ती पुन्हा पुन्हा भागवली गेली. माणसाची गरज आणि माणसाची प्रार्थना एकाच फळीवरून चालू शकतात, हे मान्य केले तर पुढचा इतिहास नीट वाचता येतो.

मध्ययुगीन पुलाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १३५० साली झुरिकच्या सैन्याने रापर्सविल उद्ध्वस्त केले. त्यानंतर काही वर्षांतच हे गाव हाब्सबुर्ग घराण्याच्या ताब्यात आले आणि त्या घराण्याच्या चौथ्या रुडोल्फ या तरुण ड्यूकने १३५८ ते १३६०च्या सुमारास येथे सुमारे दीड किलोमीटर लांबीचा लाकडी पूल उभारला. व्हिएन्नाचे विद्यापीठ स्थापन करणारा तो हाच. त्याला आपल्या मुलखाचे दोन भाग जोडायचे होते, व्यापार वळवायचा होता, सत्ता दाखवायची होती. यात्रेकरूंचा विचार त्याच्या मनात अग्रस्थानी होता, असा दावा करण्याचे कारण नाही. पण पूल झाला आणि यात्रेकरू त्याच्यावरून चालू लागले. राजाने मुलूख जोडण्यासाठी घातलेल्या फळ्यांवरून गरीब बाया जपमाळ ओढीत गेल्या. इतिहासात हेतू एकाचा असतो आणि फळ दुसऱ्याला मिळते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मध्ययुगीन ख्रिस्ती जगाने पुलाला निव्वळ बांधकाम मानलेच नाही. पूल बांधणे किंवा दुरुस्त करणे हे भुकेल्याला अन्न देण्याच्या तोलाचे दयाकृत्य समजले जाई आणि त्यासाठी दान देणाऱ्यांना धर्माधिकारी पापदंडातून सूट जाहीर करीत. फ्रान्समधील आव्हिन्यों येथे बाराव्या शतकात उभारलेल्या संत बेनेझेच्या पुलावर संत निकोलसचे मंदिर आहे. इंग्लंडमध्ये वेकफिल्ड येथे कॉल्डर नदीवरच्या पुलाला चौदाव्या शतकातले मंदिर जोडलेले आहे. परमाचार्यांना आपण जे ‘पोंतिफेक्स’ बिरुद लावतो, त्याचा लॅटिनमधील मूळ अर्थही पूल बांधणारा असाच सांगितला जातो. हाइलिग हुस्ली या कुळातले आहे. ते एकाकी नवल नाही. एका मोठ्या समजुतीचे ते शेवटच्या काळातले छोटे अपत्य आहे.

‘शेवटच्या काळातले’ हे शब्द जाणीवपूर्वक वापरले आहेत. १५५१ हे साल या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि नेमके तेच बहुतेक वाचक एक आकडा म्हणून ओलांडून जातात. त्या सालाभोवती काय घडत होते, ते पाहावे. उल्रिच झ्विंगली १५१६ ते १५१८ या काळात आइन्सीडेल्न येथेच धर्मगुरू होता. यात्रेकरूंची गर्दी त्याने तिथेच जवळून पाहिली आणि बाह्य पुण्यकर्मांवरील त्याची टीका पुढे अधिकाधिक धारदार होत गेली. १५१९च्या आरंभी तो झुरिकला गेला, आणि काही वर्षांतच त्या शहराने मूर्ती, मिस्सा व यात्रा यांचा त्याग केला. १५३१ साली रापर्सविलही काही काळ नव्या मताकडे झुकले. त्याच वर्षी ऑक्टोबरात काप्पेलच्या रणांगणावर झ्विंगली मारला गेला आणि त्यानंतर गाव पुन्हा कॅथलिक झाले. तेव्हा हे घरकुल उभे राहिले ते जिच्या काठांवर दोन पंथ समोरासमोर वसले होते, अशा सरोवरात. त्याच्या पायाचा दगड बसला तेव्हा काप्पेलला अवघी वीस वर्षे झाली होती. त्याच १५५१च्या ऑक्टोबरात त्रेंतच्या धर्मपरिषदेने ख्रिस्तप्रसादाविषयीचा आपला निर्णय जाहीर केला.

हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण वास्तूचे वाचन करताना तिच्या जन्मवेळेचे वातावरण विसरता येत नाही. यात्रा ही निरर्थक आहे असे शेजारचे बलाढ्य शहर सांगत असताना, यात्रेच्याच वाटेवर दगडाचे मंदिर बांधणे म्हणजे उत्तर देणेच होते. आणि ते उत्तर किती संयमाने दिले गेले! बांधणाऱ्यांनी उंच मनोरा उभारून झुरिकला डिवचले नाही. त्यांनी पुलाला लागून एक घरकुल बांधले. वादाचा प्रतिवाद न करता त्यांनी चालणाऱ्याला टेकायला जागा दिली. कॅथलिक पुनरुत्थानाच्या काळातील वास्तुकलेचे नाव काढले की आपल्यापुढे सोन्याने मढलेल्या वेदी आणि ढगांतून उतरणारे देवदूत येतात. आइन्सीडेल्नचे अठराव्या शतकातील भव्य मठमंदिर त्याच शैलीचे आहे आणि ते थोरही आहे. पण त्या भव्यतेच्या दीडदोनशे वर्षे आधी पाण्याच्या काठी ही साधी, उत्तर-गॉथिक वळणाची दगडी खोली उभी राहिली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या ठिकाणी सरोवराचा आणखी एक पुरावा पुढे ठेवावासा वाटतो. पुलापासून जवळच उफेनाऊ नावाचे बेट आहे. ९६५ पासून ते आइन्सीडेल्नच्या मठाच्या मालकीचे आहे. रोमवर जळजळीत टीका करणारा जर्मन लेखक उल्रिच फॉन हुटेन आजारी व निराधार झाला, तेव्हा झ्विंगलीने त्याच्या आसऱ्याची सोय या बेटावर केली, आणि १५२३ साली तो तेथेच मरण पावला. पोपचा कट्टर विरोधक एका कॅथलिक मठाच्या भूमीत विसावला आहे. ज्या काळात माणसे मतासाठी एकमेकांना जाळीत होती, त्या काळात या पाण्याने दोन्ही बाजूंच्या थकलेल्यांना जागा दिली. हाइलिग हुस्लीचा अर्थ लावताना केवळ पंथाच्या विजयाची भाषा वापरणाऱ्यांनी उफेनाऊकडेही एकदा पाहावे.

आता कलाकृती म्हणून या मंदिराचे मूल्य काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर, सुटी वास्तू म्हणून ते फार मोठे नाही. कलेच्या इतिहासाच्या जाड ग्रंथात त्याला पानभर जागा मिळणार नाही. त्याची सगळी किंमत त्याच्या जागेत आहे. कवितेतील एखादा साधा शब्द कोशात निर्जीव वाटतो, पण ओळीत नेमक्या ठिकाणी आला की सबंध ओळ उजळते. तसे हे आहे. येथे ओळ म्हणजे वाट. उत्तरेकडून येणारा भाविक गावाची वेस ओलांडून पाण्यावर पाऊल टाकतो, त्या क्षणी हे घरकुल त्याला भेटते. पुढे दीड किलोमीटर फळ्या, वारा आणि दोन्ही बाजूंना पाणी. पलीकडच्या काठावर हुर्डेन येथे पवित्र मरियेचे १४९७चे मंदिर. त्यापुढे एट्झेलचा चढ, जिथे माइनराड पहिल्यांदा राहिला. मग सील नदीवरचा पूल, ज्याच्या शेजारी वैद्य पॅरासेल्ससचा जन्म झाला. आणि चार-पाच तासांच्या चालीनंतर मठाचे दार. पाण्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी ही दोन मंदिरे म्हणजे एकाच वाक्याची दोन टोके आहेत. अलीकडे मागणे, पलीकडे आभार.

म्हणूनच १८७८ साली जे घडले, ते या मंदिरावरचे खरे संकट होते. त्या वर्षी सरोवर ओलांडणारा नवा बांध पूर्ण झाला, त्यावरून रस्ता आणि आगगाडी धावू लागली आणि पाच शतकांत अनेकदा मोडून पुन्हा उभारला गेलेला लाकडी पूल काढून टाकण्यात आला. घरकुल मात्र राहिले. त्याला कोणी धक्का लावला नाही, आणि तरीही त्याचे सर्वस्व गेले. वाट दुसरीकडून जाऊ लागली. आइन्सीडेल्नची यात्रा बंद पडली नव्हती. भाविक वाढलेच होते. पण आता ते आगगाडीच्या खिडकीतून पाणी पाहत पलीकडे जात होते. अलीकडे मागणे आणि पलीकडे आभार मानणे, यांच्यामधले चालणेच उरले नाही. सव्वाशे वर्षे हे मंदिर वाक्यातून सुटलेल्या शब्दासारखे काठाशी उभे राहिले. जुन्या पुलाचे उरलेले एकमेव बांधकाम म्हणून त्याची ओळख होऊ लागली ती याच काळात. म्हणजे प्रार्थनेच्या जागेचा ‘अवशेष’ झाला.

वारसा जपणे या शब्दांचा आपण सहसा जो अर्थ घेतो, त्याची मर्यादा येथे उघडी पडते. छप्पर शाकारले, भिंतींना गिलावा केला, नावाची पाटी लावली, की वारसा जपला असे आपण समजतो. १८७८ नंतरच्या हाइलिग हुस्लीच्या भिंती शाबूत होत्या. नव्हती ती फक्त तिच्यापाशी पोचणारी पावले. प्रार्थनास्थळ भिंतींनी टिकत नाही. तिथे पोचणारी वाट टिकली तर ते टिकते.

या पार्श्वभूमीवर ६ एप्रिल २००१ रोजी खुल्या झालेल्या नव्या लाकडी पुलाचे मूल्यमापन करावे लागते. हा पूल ८४१ मीटर लांब असून ओकच्या २३३ खांबांवर उभा आहे. तो जुन्या पुलाच्या वाटेशी नाते सांगतो आणि केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे. १९८७ साली युरोपीय परिषदेने सांतियागोच्या यात्रामार्गाला युरोपचा पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिल्यानंतर जुन्या पायवाटांविषयी जी नवी आस्था निर्माण झाली, तिच्याशी हा पूल सुसंगत आहे. स्वित्झर्लंडमधून जाणारा संत याकोबाचा मार्ग या पुलावरूनच सरोवर ओलांडतो.

आक्षेप घेता येतील, आणि ते घेतलेही पाहिजेत. आज या पुलावरून चालणाऱ्यांत यात्रेकरूंपेक्षा फिरायला आलेलेच अधिक असतात. घरकुलाजवळ थांबणारा बहुधा छायाचित्र काढण्यासाठी थांबतो. जे प्रार्थनेसाठी बांधले, ते पार्श्वभूमी झाले. ही तक्रार खरी आहे, पण तिला इतिहासाची बाजू कच्ची आहे. रुडोल्फच्या पुलावरून तरी केवळ भाविकच जात होते काय? व्यापारी जात होते, सैनिक जात होते, चोरही जात असतील. १५५१ साली ज्यांनी हे मंदिर बांधले, त्यांनी दारात उभे राहून प्रत्येकाची श्रद्धा तपासण्याची योजना केली नव्हती. माइनराडनेही ती केली नव्हती. त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत देवाची आठवण ठेवून दिली. ती घ्यायची की नाही, हे चालणाऱ्यावर सोपवले. या कसोटीवर पाहता २००१च्या पुलाने मंदिराची डागडुजी करण्यापेक्षा मोठे काम केले. त्याने मंदिराला त्याची ओळ परत दिली.

हा सगळा विचार आपल्यापासून फार दूरचा आहे काय? तसे वाटत नाही. वांद्र्याच्या मोत माऊलीच्या जत्रेला मुंबई बेटावरून जाणाऱ्या भाविकांनाही एके काळी माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागे. १८४५ साली लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाय या पारशी बाईंच्या देणगीतून माहीम-वांद्रे कॉजवे झाला. एका धर्माच्या भाविकांची वाट दुसऱ्या धर्माच्या दानाने बांधली गेली. आज त्या कॉजवेवरून रोज हजारो वाहने धावतात, पण तो यात्रेच्या इतिहासाचा भाग आहे हे आपल्या किती लेखनात येते? मुंबई आणि साष्टीच्या गावठाणांत १८९६च्या प्लेगनंतर लोकांनी जागोजागी क्रूस उभारले. वेशीवर, विहिरीजवळ, तिठ्यावर. म्हणजे जिथे पावले थांबत तिथे. ते क्रूस कलावस्तू म्हणून लहानच आहेत. रस्ते रुंद झाले, गल्ल्या वळल्या, काही क्रूस इमारतींच्या कुंपणांआड गेले. आपण त्यांना वर्षातून एकदा हार घालतो. त्यांच्यापुढे तिन्हीसांजेला जमून रोझरी म्हणण्याची वहिवाट जिथे टिकली आहे, तिथे क्रूस जिवंत आहे. जिथे ती मोडली आहे, तिथे चांगला रंग दिलेला दगड आहे.

आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका निघतात, शताब्दीचे अंक निघतात. त्यांत चर्चच्या पायाभरणीचे साल असते, धर्मगुरूंची यादी असते, घंटेचे वजन असते. हे सारे हवेच. पण त्या चर्चपर्यंत लोक कोणत्या वाटेने येत, पावसाळ्यात खाडी कशी ओलांडत, वाटेत कोणत्या क्रूसाशी चप्पल काढून उभे राहत, आजारी माणसाला डोलीतून कोणी आणले, हे विचारायला हवे असलेले वृद्ध आजही आपल्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या नाहीत, तर आपल्या हातात फक्त वास्तू उरतील. रापर्सविलच्या लोकांना त्यांची वाट परत आणण्यासाठी २३३ खांब पाण्यात रोवावे लागले. आपल्यापुढचे काम त्या मानाने सोपे आहे. एक वही, एक लेखणी आणि ऐकून घेण्याची तयारी एवढे पुरेसे आहे. त्यासाठी पुढच्या शताब्दीची वाट पाहण्याचे कारण नाही.